उलट्या मडक्यांचं छत

आमचे मेस्त्रीअण्णा कुठल्याही सामानाची परीक्षा गालानं करत. वीट असो वा फरशी, आधी त्यांच्या गालाला लागायची, मग घराला. मूळचे निपाणीचे, पण सगळी हयात बेंगळुरात गवंडीकामात गेलेली, त्यामुळे बोलण्यात कानडी शब्द मिसळलेले. नव्वदच्या दशकात आमचं हेब्बाळचं घर त्यांनीच बांधलं.

माझ्या सहा वर्षांच्या मनूला दमा होता. भाड्याच्या घरात दुपारी स्लॅब तापला की तिची छाती वाजू लागे आणि आम्ही नवराबायको नुसते तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. नव्या घरात तिची खोली गच्चीखालीच येत होती. ती थंड राहावी, एवढाच माझा हट्ट. म्हणून मी मोठ्या ऐटीत चिकपेटेच्या बाजारातून काचेच्या लोकरीची, म्हणजे ग्लासवुलची, गुंडाळी आणली, छताला आतून लावायला.

अण्णांनी रिवाजाप्रमाणे ती गालाला लावली. दुसऱ्या दिवशी गाल लालभडक आणि अण्णा खाजवून बेजार! "ह्ये पोरीच्या डोक्यावर घालणार हाईसा? बेड साहेब, बेड. नगाच."

"खालून फळ्या मारून बंद करू की," मी म्हणालो.

"फळीला उद्या उंदीर भोक पाडतोय. मग ही कुसं पोरीच्या छातीत जायची न्हवं?"

मी गुंडाळी परत बांधून ठेवली.

त्यांचा उपाय जुना होता. गच्चीवर मडकी उलटी मांडायची, फटीत चुना आणि विटांचा चुरा ठासायचा, वर फरशी. "मडक्याच्या पोटात हवा हाय. ऊन खाली उतरतंय कुठलं?"

मडक्यांचा टेंपो आला आणि माझी आई कडाडली, "नव्या घरावर मडकी? कुणाला पोचवायचंय?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "आज्जी, मग तुम्ही पाणी कशातनं पिताय?"

आई घरात गेली आणि माठातलं गार पाणी त्यांना घेऊन आली. तोंड मात्र वाकडंच होतं.

वास्तुशांत ऐन एप्रिलात झाली. दुपारची जेवणं चालली होती, अण्णा पानावर दिसेनात. वर जाऊन पाहतो तर मनू तिच्या खोलीत गाढ झोपलेली आणि ते दारात मान तिरकी करून तिचा श्वास ऐकत उभे. मीही ऐकला. छाती वाजत नव्हती.

"सरी, झ्याक झालं," ते पुटपुटले.

"अण्णा, चला जेवायला."

"स्वल्प हळू बोला की! पोरगी उठंल."

ते चपला हातात घेऊन जिना उतरले, पंगतीतल्या पाहुण्यांनाही बोटानं गप्प करत. मनू त्या दिवशी पाच वाजेपर्यंत झोपली.