बेडकाची बाटली

व्हर्ना टटल आणि मी शाळेची एकच बस चालवायचो; सकाळची फेरी तिची, दुपारची माझी. ती आरशात नुसतं बघायची आणि मागची सगळी पोरं चिडीचूप व्हायची. नवरा केव्हाच सोडून गेला होता आणि त्याचं तिला सुखही नव्हतं नि दुःखही. तिचा सगळा जीव थोरल्या भावात, ऑरिनमध्ये. हा माणूस लाकडाच्या गिरणीत राबून म्हातारा झाला, आणि पोटात कॅन्सर निघाला तेव्हा आपलं ट्रेलरचं घर विकून बहिणीकडे राहायला आला.

आमच्या ॲपलगेटच्या खोऱ्यात लोक परसात टोमॅटो लावतात तसा गांजा लावतात. आता कायद्यानंच घरटी चार झाडं चालतात, पण आमची रीतभात अजून चोरून लावायच्या काळातलीच आहे. रोप कुठून आणलं, विचारायचं नाही. त्यावर काय मारलं, विचारायचं नाही. आणि कुणी हातची फुलं ओढायला दिली तर त्यांना नावं ठेवायची नाहीत. पाहुणा म्हणून जेवायला बसून भाजी खारट झाली म्हणण्यातलाच तो प्रकार. शेरीफच्या गाड्या फिरायच्या तेव्हा यात शहाणपण होतं. आता ती नुसती खोड उरली आहे, आणि या खोडीवर पोट भरणारे लोकही आहेत.

केमो सुरू झाल्यावर ऑरिनला अन्न जाईना. दोन झुरके मारले की मात्र त्याला भूक लागायची, अंडं-बटाटा पोटात टिकायचा. त्याला दोन घास जावेत, एवढंच व्हर्नाचं आयुष्य उरलं होतं. त्यासाठी तिनं मागच्या शेडमध्ये दिवे लावून झाडं धरली. त्या वसंतात चर्चच्या हॉलमध्ये, रविवारच्या जेवणाला, आमच्या जुन्या दोस्तानं, गॅरिकनं, तिला मोठ्या प्रेमानं एक कलम दिलं. कुठलं म्हणून तिनं विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. झाडं फुलावर येतायत तोवर चारही झाडांच्या पानांवर पांढरे ठिपके आले आणि मग बारीक जाळी धरली. लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड, त्या कलमाबरोबरच आलेली.

मी म्हटलं, साबणाच्या पाण्यानं पानं खालून धुऊन काढ, रोज धू, कंटाळू नकोस. पण तिला धीर नव्हता. शेतकऱ्यांचं जुनं दुकान हाकेच्या अंतरावर होतं, तिथं कुणीही तिला हेच सांगितलं असतं. पण आमच्यातलं कोणी तिथं हा विषय काढत नाही. तोंडाला लागलेलं कुलूप कायदा बदलला म्हणून उघडत नाही. आम्ही जातो ते गांजावाल्या ‘आपल्या लोकांच्या’ दुकानात, जिथं उदबत्ती लावलेली असते आणि विकणारा प्रत्येकाला घरचा असल्यासारखा भेटतो.

तिथं कोल्टन नावाचा दाढीवाला पोरगा होता. त्यानं पुढं केलेल्या बाटलीवर डोळे मिटून ध्यानाला बसलेला बेडूक होता. खाली लिहिलं होतं, कडुनिंब, रोझमेरी आणि निसर्गाची शक्ती. खोकल्याच्या औषधाएवढी बाटली, आणि किमतीत व्हर्नाचा आठवड्याचा किराणा आला असता. वर ती एकटी पुरत नाही म्हणे. मोठ्या कोळ्यांना एक, अंड्यांना दुसरी, आणि घाबरलेल्या झाडाला धीर द्यायला तिसरी. मी म्हटलं, धीरच द्यायचा तर मी येऊन झाडाशी दोन शब्द बोलते, फुकटात. व्हर्ना हसली नाही. तिनं एकच प्रश्न विचारला, फुलांवर मारलं तर चालतं का? आजारी माणसासाठी आहेत म्हणून.

“मावशी, माझ्या झाडांवर मी स्वतः मारतो,” कोल्टन म्हणाला. “कापणीच्या आदल्या दिवसापर्यंत बिनधास्त मारा.”

दोन दिवसांत शेडमध्ये एक कोळी जिवंत राहिला नाही. आमच्या मंडळीत नुसता आनंदीआनंद. जो तो बेडूक घेऊन आला.

नवीन माल वाळला आणि ऑरिनची तब्येत घसरायला लागली. डोकं ठणकायचं, घशात जळजळ, आणि भूक लागायच्या ऐवजी उलटी. डॉक्टरांना वाटलं, आजार पुढं सरकला. व्हर्नाला वाटलं, डोस कमी पडतोय. ती त्याच्यासमोर बसून म्हणायची, अजून एक झुरका घे, माझ्यासाठी घे. तो घ्यायचा. मग ती त्याच्या आवडीचं रांधायची आणि मग ते सगळं कचऱ्यात जायचं. तो उन्हाळा जंगलांच्या वणव्याचा होता, दारं-खिडक्या लावून आम्ही घरात कोंडलेले. पँटचा पट्टा आवळायला ऑरिन खिळ्यानं नवीन भोकं पाडत होता.

उन्हाळा सरताना एका सकाळी व्हर्नाच्या स्वयंपाकघरात रेडिओवर बातमी लागली. राज्यानं बेडकाची बाटली विकायला बंदी केली होती. तिच्यात लेबलावर न छापलेलं विष सापडलं होतं. शोभेच्या झाडांवर मारायचं, खायच्या-ओढायच्या कशावर अजिबात नाही. व्हर्नानं हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत गेली. ऑरिन खुर्चीत पांघरूण घेऊन बसला होता.

“ऑरिन, खरं सांग. त्या मालाची चव कशी होती?”

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. “कडू. पहिल्या झुरक्यापासून. फरशी धुवायच्या पावडरीसारखी.”

“मग बोलला का नाहीस रे?”

“तू एवढी राबून केलेलं. त्याला नावं कशी ठेवू, बाई?”

आम्ही दोघी त्याच दिवशी दुकानात गेलो. कोल्टन म्हणाला, कंपनीनं आम्हालाही फसवलं, आणि तिच्या रिकाम्या बाटलीच्या बदल्यात त्यानं नवीन बाटली दिली. तिच्यावर ध्यानाला बसलेलं कासव होतं. व्हर्नानं झाकण उघडून वास घेतला. तोच वास. तिनं बाटली काउंटरवर ठेवली. कोल्टनला मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण बोलले याचं मला आजही समाधान आहे.

मग मी माझ्या झाडांची फुलं दिली, ज्यांना साबणाच्या पाण्यापलीकडं काही माहीत नव्हतं. आठवड्याभरानं ऑरिननं आपण होऊन पॅनकेक मागितले. दोन खाल्ले, आणखी मागितला, ताटलीतला पाक बोटानं चाटला. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. वळून बघते तर व्हर्ना चुलीशी पाठमोरी उभी राहून रडत होती. तोवर तिला म्हणता येत होतं की दोष आजाराचा असेल. तिसऱ्या पॅनकेकनं तेही काढून घेतलं.

तो पानगळभर जेवला. पहिलं दव गोठलं त्या आठवड्यात गेला.

दफनानंतर हॉलमध्ये जेवण होतं, सगळ्यांनी घरून काहीबाही करून आणलेलं. जो येईल तो व्हर्नाला सांगायचा, तू भावाचं फार केलंस. ती मान हलवायची. गॅरिक आला, त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, तुझ्या हातच्या मालानं त्याला शेवटी तेवढा आराम तरी मिळाला.

“आजारानं त्याला नेलं, त्याला इलाज नव्हता,” ती म्हणाली. “पण उन्हाळाभर त्याला उपाशी ठेवला मी. त्याच्यासमोर बसून. अजून एक झुरका घे, माझ्यासाठी घे, म्हणत होते.”

गॅरिकनं तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.