टिल्ल्याचं वय

मुलांच्या कोर्टात बावीस वर्षं सरकारी वकिली करून वकीलबाईंच्या हाती काय लागलं म्हणाल, तर कप्पाळ. तीच पोरं, तेच बाक. "आलास का परत?" असं त्या टिल्ल्याला विचारायच्या, तेव्हा तो मेला हसायचा.

पहिल्यांदा सायकल चोरली. मग घरफोडी, मग चाकू दाखवून लूट. या खेपेला चाकू नुसता दाखवला नव्हता. एका म्हाताऱ्या वॉचमनचा जीव गेला होता. त्याची बायको मांडीवर पिशवी घेऊन पहिल्याच बाकावर बसली होती.

आता प्रश्न होता फक्त टिल्ल्याच्या वयाचा. सोळा पूर्ण असेल तर मोठ्यांचं कोर्ट आणि मोठ्यांचा तुरुंग. नसेल तर तीन वर्षं सुधारगृह. शाळेच्या दाखल्यावर त्याला सोळा वर्षं चार महिने होत होते.

टिल्ल्याची आई उभी राहिली. "साहेब, पंधराच आहे तो. मला कामावर जायचं होतं, घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून शाळेत वय वर्षभर वाढवून सांगितलं. जन्म घरातच झाला, कागद नाही."

"आधीच्या तिन्ही खटल्यांत हीच जन्मतारीख आहे, खाली तुमची सही आहे," न्यायाधीश म्हणाले.

"पहिल्या वेळीच मॅडमना सांगितलं होतं मी. बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी. विचारा त्यांना."

वकीलबाईंना टाकीचा गळका नळसुद्धा आठवत होता. वयाची चौकशी लावली असती तर सायकलपायी पोरगं महिनाभर आत अडकलं असतं. "असू दे हो, काय फरक पडतोय? करा सही," असं त्याच म्हणाल्या होत्या, आणि आपण भलंच करतोय असं वाटलं होतं त्यांना.

त्यांनी वॉचमनच्या बायकोकडे पाहिलं. टिल्ल्या नखं कुरतडत होता. खरं सांगायचं तर त्या पोराची आशा त्यांनी केव्हाच सोडली होती, आणि स्वतःचीही.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या.

खटला मोठ्या कोर्टात गेला. दुपारी जिन्यात आई समोर आली. वकीलबाई तोंड चुकवून निघाल्या होत्या.

"जाऊ द्या, मॅडम. रोज इतकी पोरं येतात, तुम्ही तरी किती लक्षात ठेवाल," आई म्हणाली. "फक्त एवढं सांगा, तिथे त्याच्या मापाचे कपडे मिळतील का?"