दिवस सांगा

बेल वाजवली की काका चार पावलं मागे यायचे. पायऱ्या उतरून खाली उभे राहायचे, डोक्यावरची कॅप काढून दोन्ही हातांनी पोटाशी धरायचे आणि चेहरा दारावरच्या कॅमेऱ्याकडे करायचे. धातू शोधायचं मशीन तिकडे रस्त्याच्या कडेला, मेलबॉक्सला टेकवलेलं असे. "दार उघडणाऱ्याला आधी माणूस दिसला पाहिजे, मग मशीन," असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नकाशे काढले होते, बोलणंही तसंच रेखीव. तुमच्या अंगणात हे मशीन फिरवायची परवानगी द्याल का, एवढंच एक इंग्रजी वाक्य. समोरून होकार आला की लगेच पुढचं.

"दिवस सांगा."

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. मुलीकडे कायमची राहायला आलेली, सकाळी स्वेटर घालून कॉलनीला तीन चकरा मारणारी, समोरून आपल्यातलं कुणी दिसलं की "मराठी का?" असं विचारणारी. आमच्या न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये तर दर गल्लीत एक सापडेल. काकाही त्यांतलेच. फक्त काकू गेल्यावर त्यांनी चकरा थांबवल्या आणि मशीन विकत आणलं. आम्हाला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याचं मन रमेल. माझी मुलगी त्यांना मेटल काका म्हणायची.

काम मात्र फार नजाकतीचं. मशीन वाजलं की गुडघ्यावर बसायचे, खुरप्याने गवत तीन बाजूंनी कापून झाकणासारखं उघडायचे, हवं ते काढलं की माती परत भरून झाकण बसवायचे, तळव्याने थापटायचे आणि बाटलीतलं पाणी घालायचे. दुसऱ्या दिवशी कुठे खणलं ते घरमालकालाही सापडत नसे. कॉलनी व्हायच्या आधी इथे शेतं होती, त्यामुळे बहुतेक वेळा ट्रॅक्टरचा गंजका बोल्ट निघायचा. तोही ते पुसून, रुमालावर ठेवून घरमालकाच्या हाती द्यायचे. दोन गल्ल्या पलीकडच्या एका म्हातारीला तिच्या नवऱ्याच्या पट्ट्याचं बक्कल मिळालं, तर ती केळ्याचा केक घेऊन घरी आली. "यात अंडं असणार हो," असं मला मराठीत बजावून काकांनी दोन तुकडे खाल्ले.

एकदा कुणीतरी कॉलनीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला: अनोळखी माणूस, घरोघरी बेल वाजवतोय. पोलिसांची गाडी आली. मी तोंड धुणं अर्धवट टाकून धावत गेलो, तर काका कॅप काढून त्या ऑफिसरलाच विचारत होते की तुमच्या घराला अंगण आहे का. आठवड्याभराने ते खरंच त्याच्या अंगणात जाऊन आले.

"रविवारी, चर्चनंतर," काका मला सांगत होते. "बघा, पोलिसाने सुद्धा दिवस सांगितला."

त्यांची तक्रार होती ती आपल्या लोकांबद्दल. "अमेरिकन माणूस नको म्हणाला तर नको. हो म्हणाला तर शनिवार, दहा वाजता. आपल्या माणसाने 'अहो विचारता काय, कधीही या' म्हटलं की मी काय करू? त्याच्या अंगणात शिरू? की परत फिरू?"

"काय करता मग?"

"परत फिरतो. नुसत्या तोंडदेखल्या होकारावर कुणाची जमीन उकरू नये."

मी हसलो होतो. कुणातरी दुसऱ्याबद्दल बोलताहेत, असं समजून हसलो होतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. का शोधता, काय शोधता, असं कुणी विचारलं तर ते "हॉबी" एवढंच सांगत. मी एकदा म्हटलं, काका, जरा इतिहास-बितिहास सांगा, लोक पटकन तयार होतील. त्यांना ते आवडलं नाही. "कारण सांगून मिळवलेली परवानगी ही परवानगी नसते. ती भीड असते," असं म्हणून ते मशीनची वायर गुंडाळायला लागले.

मी थकलेला माणूस आहे. पहाटेची न्यूयॉर्कची गाडी, रात्री भारतातल्या टीमबरोबर कॉल, शनिवारी मुलीचे क्लास, रविवारी कपडे आणि किराणा. हे सगळं खरं आहे, आणि सगळं सांगूनही माझी बाजू लंगडीच राहते. कारण काकांनी माझ्याही दाराची बेल वाजवली होती. इतक्या ओळखीच्या घरीसुद्धा चार पावलं मागे येऊन, कॅप काढून.

"मागच्या अंगणात एकदा मशीन फिरवू का?"

"अहो काका, विचारायचं काय त्यात? तुमचंच घर आहे. कधीही या."

"दिवस सांगा."

"फोन करतो ना."

तेव्हा मी गवताचं नवं बी टाकलं होतं आणि कुणी त्यावर पाय देऊ नये असं मला वाटत होतं. तसं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तोंडावर नाही म्हणायची आपल्याला सवय नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले, तेव्हा ऑफिसात आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. त्याच्या पुढच्या वर्षी काय होतं ते आता आठवतही नाही. तिन्ही वेळा मी "कधीही या" म्हणालो, तिन्ही वेळा ते "बरं" म्हणून कॅप घालून निघून गेले. त्यांच्या जाण्याने मला सुटल्यासारखं वाटायचं, हेही लिहून टाकतो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीची नोकरी बदलली आणि सगळे टेक्सासला, अर्विंगला गेले. निघताना काका मशीन आमच्या गराजमध्ये ठेवून गेले. "तिकडे माती कडक आहे म्हणतात," एवढंच बोलले. फेब्रुवारीत ते गेल्याचं कळलं. मी फोनवर दोन शब्द बोललो, फुलं पाठवली आणि कामाला लागलो.

मार्चमध्ये त्यांच्या मुलीचा पुन्हा फोन आला.

"दादा, एक विचारायचं होतं. बाबांनी तुमच्या बॅकयार्डमध्ये शोधलं होतं का कधी?"

"नाही गं. काय शोधायचं होतं?"

"तुम्हाला माहीतच नाही? आईचं जोडवं. तुमच्याकडे पडलं होतं ना ते."

मग तिने सगळं सांगितलं. माझी मुलगी झाली तेव्हा इथे आमचं कुणीच नव्हतं. काकू सव्वा महिना रोज सकाळी यायच्या, बाळाला न्हाऊ घालायच्या, बायकोला डिंकाचे लाडू करून घालायच्या. बाळ झोपलं की मागच्या अंगणात जाऊन मेथीचा वाफा करायच्या, बाळंतिणीला घरची भाजी हवी म्हणून. त्या वाफ्यात अनवाणी काम करताना त्यांच्या पायातलं लग्नातलं चांदीचं जोडवं निसटलं. आम्हाला त्यांनी कळू दिलं नाही. बाळंतिणीच्या घरात आपल्या पायी शोधाशोध नको, असं काकांना म्हणाल्या. शेवटपर्यंत एका पायात उरलेलं लग्नातलं आणि दुसऱ्या पायात जवळच्या एडिसन गावातल्या दुकानातून आणलेलं हलकं काहीतरी, असं घालून हिंडल्या. आमच्या कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

"आई गेल्यावर बाबांनी मशीन घेतलं ते त्यासाठीच," ती म्हणाली. "बाकीची सगळी अंगणं म्हणजे प्रॅक्टिस होती, दादा. तुमचं लॉन खराब होऊ नये म्हणून."

"अगं, मग मला सांगायचं ना!"

"मी हजार वेळा म्हटलं, बाबा, जस्ट टेल हिम. तर म्हणायचे, आईने त्याच्या घरी इतकं केलंय, कारण सांगितलं तर तो नाही म्हणूच शकणार नाही. मग विचारण्यात काय अर्थ? त्यांची डायरी मिळालीय मला. तुमचा घर नंबर तीनदा लिहिलाय. पुढे लिहिलंय, 'होकार. दिवस नाही.'"

फोन ठेवून मी मागच्या दारापाशी गेलो. आणि तिथे मला दोन उन्हाळ्यांपूर्वीची दुपार आठवली.

मागच्या अंगणात आम्ही फरशा बसवून घेतल्या होत्या. टेबल, छत्री, ग्रिल, सगळा थाट. पंधरा-वीस माणसं बोलावली होती, काकाही आले होते. फरशीवर पाय ठेवण्याआधी त्यांनी बूट काढले.

"काका, अहो हे बाहेर आहे, राहू द्या बूट," मी म्हणालो. लोक हसले. मीही हसलो.

"असू दे," ते म्हणाले. मोज्यांवरच चालत ग्रिलच्या पलीकडे गेले, हातात बशी धरून जरा वेळ खाली बघत उभे राहिले. "इथेच होता ना मेथीचा वाफा?"

"हो, इथेच कुठेतरी."

"पक्कं झालंय काम," ते म्हणाले, आणि कुणीतरी पुढे केलेल्या खुर्चीवर न बसता निघून गेले. वय झालं, असं मी त्या दिवशी बायकोला म्हणालो.

ही लाज कुठे ठेवावी ते मला कळत नाही. जो माणूस अनोळखी पोलिसाच्या अंगणातसुद्धा विचारल्याशिवाय शिरला नाही, त्याच्या बायकोच्या जोडव्यावर मी न विचारता फरशी घातली. कॉन्ट्रॅक्टरने खडी भरण्याआधी किती माती उचलून नेली, तेही मी पाहिलं नव्हतं. जोडवं कदाचित तिथे नसेलही.

हे सगळं मी काकांच्या मुलीला फोन करून सांगितलं. म्हटलं, मी फरशा काढतो, खडी बाजूला करतो, मशीन माझ्याकडेच आहे. तू ये, तुझ्यासमोर शोधू. ते तुझ्या आईचं आहे, आता तुझं, मी एकट्याने उकरणार नाही.

"बघू ना, दादा. ऑफिसमध्ये फार काम आहे सध्या. येईन कधीतरी."

आवाजावरूनच कळत होतं, तीही दमली होती. एरवी मी "काही घाई नाही, कधीही ये" असं म्हणून फोन ठेवला असता.

"कधीतरी नको," मी म्हणालो. "दिवस सांग."

पलीकडे तिने नाक ओढलं. "मेच्या शेवटी, मेमोरियल डेच्या सुट्टीतला शनिवार. सकाळी दहा."

रोज ऑफिसातून आल्यावर आठ-दहा फरशा निघतात. कंबर धरते, बायको म्हणते माणूस लाव. अजून ग्रिलच्या पलीकडचा भाग राहिलाय. बूट मी दारातच काढून ठेवतो.