एकोणीस नंबरचं कार्ड

तळवलीच्या धर्मराजची खोड साऱ्या गावाला माहीत होती. चार मजली घराचा मालक, पण कपाटात जपून काय ठेवलंय, तर लहानपणी च्युइंगमबरोबर मिळायची ती क्रिकेटपटूंची कार्डं. बावन्न कार्डांचा संच. एक्कावन्न त्यानं जमवली होती. एकोणीस नंबरचा ओणवा यष्टिरक्षक तेवढा नव्हता. अल्बममधला तो एक प्लास्टिकचा खिसा अकरा वर्षं रिकामा होता आणि धर्मराजची नजर भरलेल्या पानांवर न ठरता तिथेच जाऊन थांबे.

लोक त्याला आपापल्या कार्डांची किंमत विचारत. तो हात धुऊन, कोरडे करून मगच कार्ड उचले, कोपरे बघे, उजेडात तिरपं धरी. आधी खरी किंमत सांगायची, मग आपल्याला हवं असेल तर मागायचं, हा त्याचा नेम.

गेल्या महिन्यात मोरा बंदराहून मिताली नावाच्या शिक्षिकेनं फोटो पाठवला. पत्र्याचा तांदळाचा डबा, त्यावर तिच्या भावानं, कल्पेशनं, शाळेत असताना चिकटवलेली सात कार्डं. मधोमध तोच ओणवा यष्टिरक्षक. धर्मराजनं त्याच सकाळी स्कूटर काढली.

मितालीची आई गंगूबाई दारात जवळा निवडत होती. धर्मराजनं डबा पाहिला आणि नेमाप्रमाणे सांगून टाकलं. धड निघालं तर चार हजार, फाटलं तर काही नाही. आणि मला ते हवंय. मितालीनं कल्पेशला फोन लावला. तो बोटीवर कामाला होता. हसला आणि म्हणाला, खुशाल न्या. कशानं चिकटवलं होतंस, असं धर्मराजनं विचारलं. भाताच्या शितांनी, तो म्हणाला.

धर्मराजच्या जिवात जीव आला. पाण्यानं न सुटणारा गोंद असता तर कागद गेलाच असता. त्यानं कोमट पाण्यात फडकं भिजवलं, पिळलं, कार्डावर ठेवलं आणि दर पाच मिनिटांनी नखानं कड चाचपत राहिला.

"कागदाला येवडा गोंजारतंस," गंगूबाई म्हणाली. "बायकोला कदी गोंजारलंस का?"

"ती पन हेच विचारते, मावशी."

अर्ध्या तासानं कड सुटली. कार्ड हळूहळू वर आलं, कुठेही न फाटता. पण शेजारच्या कार्डाखाली दडलेला भाग बाहेर आला तेव्हा धर्मराजचा हात थांबला. डब्यावर नीट बसावं म्हणून कल्पेशनं खालची पट्टी कात्रीनं कापली होती. नंबर त्या पट्टीवर होता.

त्यानं कार्ड कोरड्या रुमालावर ठेवलं. मग म्हणाला, "मिताली, मगाशी सांगितलेली किंमत विसर. याला बाजारात कुनी विचारनार नाय."

"मग नको तुम्हाला?"

"हवंय. माज्यासाठी तोच हाय."

मितालीनं पैसे नको म्हटलं. गंगूबाईचं लक्ष मात्र डब्यावर होतं. सहा चेहऱ्यांच्या मधोमध ओला, गंजका चौकोन.

"आसा बोडका डबा मी नाय ठेवनार. तुज्याकडचा एक लाव तिथं."

बदली द्यायला म्हणून धर्मराजनं काही जादा कार्डं आणली होती. त्यानं ती मांडली, साधी पुढे, चांगली मागे. गंगूबाईनं मागचंच उचललं. गोलंदाज, चारही कोपरे टोकदार, चाळीस वर्षांत सुरकुती नाही. संग्राहकांनी दोनदा मागूनही त्यानं ते दिलं नव्हतं.

"ह्याचा तोंड बरा हाय," ती म्हणाली आणि वाटीत सकाळचा भात घेऊन आली.

दुसरं दाखवावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण खिशातल्या पाकिटात तो कापलेला यष्टिरक्षक होता. धर्मराजनं दोन शितं चुरडली, गोलंदाजाच्या कोऱ्या पाठीवर फासली आणि कार्ड डब्यावर टेकवलं. तिरकं बसलं. गंगूबाईनं खारट बोटांनीच ते सरळ केलं.

"आता हात काडू नको. सुकंपर्यंत धर."

त्यानं धरलं. मिताली चहा घेऊन आली, तेव्हा कप त्यानं डाव्या हातानं घेतला.