गेटात अडलेली गाडी

पोरगा हैदराबादेहून गाडी घेऊन आला तेव्हा मी पहिलं विचारलं, "घर विकलं का रे?" कारण गाडीत पलंग होता, शेगडी होती, भांडी घासायचं बेसिन होतं, खिडक्यांना पडदेसुद्धा होते. एवढं सगळं घरी असताना माणूस ते चाकांवर कावून चढवतो, हे मला अजून कळलेलं नाही.

"बाबा, ह्याच्यात राहायचं अन् फिरायचं. आपण अमरकंटकले चाललो. तुम्ही, मी अन् ही."

"मी येत नाही," मी म्हटलं.

अमरकंटक हे नाव आमच्या घरात बायकोचं. दर हिवाळ्यात म्हणायची, "नर्मदा कुठून निघते ते एकदा दाखवा ना." भिलाईहून एका दिवसाची वाट. पण आधी माझी शिफ्ट, मग प्लांटमधल्या फर्नेसचं शटडाउन, आणि रिटायर झालो तर गुडघा. गुडघा निव्वळ बहाणा होता. त्याच गुडघ्यानं मी रोज चौकात पान खायला जात होतो. मागच्या वर्षी ती गेली. अमरकंटकला नाही. गेलीच.

"आईची इच्छा होती," पोरगा म्हणाला.

"होती तेव्हा तुले गाडी सुचली नाही. मले तर काहीच सुचलं नाही. आता आपण दोघं मिळून तिथं भजे खाऊ, नाही का?"

सून आत निघून गेली.

गाडीला एक गोष्ट लावायची राहिली होती. गुंडाळलेलं कापड, ओढलं की बाहेर येतं आणि गाडीच्या बाजूला ओसरीसारखी सावली होते. पोरगा त्याला ऑनिंग म्हणे, मी शेड म्हणतो. सोबत चार क्लिपा, थोडे बोल्ट आणि एक चित्रांचं पुस्तक. ते पुस्तक त्यानं दोन तास उलटंसुलटं करून पाहिलं. इंजिनिअर आहे तो. मी सातवीतून शाळा सोडली, पण जन्मभर प्लांटमध्ये लोखंड चढवलं. असल्या क्लिपांवर आम्ही जेवणाचा डबा टांगला नसता.

"बाबा, तुम्ही हात लावू नका. त्याचं डिझाइन असते."

दुसऱ्या दिवशी दोघं रिक्षानं दुर्गला गेले, सुनेच्या मावशीकडे जेवायला. गाडी अंगणात. मी शेजाऱ्याला हाक मारली. तो प्लांटचा रिटायर वेल्डर, छत्तीसगढी माणूस. आमच्या खुर्सीपार वस्तीत रिटायर वेल्डरला काम दाखवलं की तो कारण विचारत नाही. इथं कोणत्याही घरापुढे बघा, शेड आहे, आणि तिचा लोखंडी अँगल असा की वर हत्ती बसवावा. खाली सावलीला एक कोंबडी. आम्हाला दुसरं काही करताच येत नाही.

वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढली. वरच्या कॅरिअरच्या जाड पाइपाला दोन अँगल वेल्ड केले, त्यांना तिरपे टेकू दिले आणि ते कापड वर कायमचं ताणून बांधलं. क्लिपा खोक्यातच राहिल्या.

"बने हे गा! झकास झालं!" शेजारी खूश होऊन म्हणाला. "तूफान आलं तर गाडी उडन, शेड नाही उडत."

संध्याकाळी पोरगा आला. त्यानं शेड पाहिली, मग गेट पाहिलं, मग मला पाहिलं. गाडी आत घेताना दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा उरली होती. शेड एका बाजूनं पाच फूट बाहेर आली होती.

"बाबा, आता हे बाहेर कसं निघन?"

शेजाऱ्यानं जीभ चावली आणि घरी चहा उतू गेला असेल म्हणत सटकला. सून म्हणाली, "बाबूजी, मजबूत तो बहुत है." ती टोमणा मारत नव्हती, म्हणून जास्त लागलं.

"गेट तुम्हीच बसवलं होतं ना?" पोरानं विचारलं. "रुंदी माहीत नव्हती?"

"माहीत होती."

"मग?"

"पहिला अँगल धरला तेव्हाच माहीत होती."

तो पायरीवर माझ्याजवळ बसला. "यायचं कावून नाही तुमाले?"

मी म्हटलं, "तिथं गेलो अन् मले बरं वाटलं तर?"

त्यानं लगेच समजूत घातली असती तर मी उठून आत गेलो असतो. तो म्हणाला, "तर वाटू देऊ नका. आई सोबत असती तरी तुम्ही रस्ताभर किरकिरच केली असती. ते करत चला."

खरं होतं ते. पहिल्या वळणावर मी ड्रायव्हरला शिव्या दिल्या असत्या आणि दुसऱ्या वळणावर तिनं मला.

सकाळी पोरगा कुठून तरी ग्राइंडर घेऊन आला. धरायची रीत अशी की आधी स्वतःचीच बोटं गेली असती. मी तो त्याच्या हातून हिसकावला आणि दोन्ही अँगल कापले. मग त्या क्लिपा लावल्या. तो चित्रं बघून सांगत होता, मी बोल्ट कसत होतो. एक क्लिप त्यानं उलटी सांगितली, मी उलटी लावली, आणि दोघांनी एकमेकांचा बाप काढला. म्हणजे त्यानं माझा बाप काढला अन् मी मलाच.

गाडी गेटातून निघाली तेव्हा मी पुढच्या सीटवर तोंड वाकडं करून बसलो होतो. ते तोंड मी वाटेतल्या, दोन तासांवरच्या बेमेतऱ्याच्या चहापर्यंत टिकवलं.