रेषेबाहेरचा बगळा

आमचा बगळा गेला.

कोण बगळा, असं विचारणार तुम्ही. विचारा! माझ्या घरात बसून, माझे शेंगदाणे खाऊन त्याच्या नावाने बोंबलायचात, आणि आता डोक्यात नुसतं ऑफिस.

इटलीचा तो. लांब पायांचा फुटबॉलवाला.

खरं नाव आज नातीने, पूजाने, बातमीत वाचून दाखवलं. माझ्या जिभेला ते कधी वळलंच नाही. मला वाचता येत नाही, मग पाठीवरचं नाव काय कामाचं? मी चालीवरून ओळखायची. हेसुद्धा मी बोलतेय आणि पूजा आपल्या गल्लीच्या ग्रुपवर टाइप करतेय. मधेच हसतेय मेली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मखमलाबादला आमच्या गल्लीत केबल फक्त आमच्याकडे. रविवारी दिवेलागणीला इटलीची मॅच लागायची. आणि सोमवार शंकराचा, म्हणून विकायच्या माळाही तेव्हाच ओवायच्या असायच्या.

माझा रूल साधा. हातात सुई नाही, त्याला टीव्ही नाही.

गल्लीतली पोरं, संजा, पप्या, सगळी झेंडूच्या ढिगाभोवती बसायची. गोल झाला की फुलं छताला.

"काकू, बघा बघा! बॉलकडं बघितलं पण नाय त्यानं!" संजा ओरडायचा.

"मी तरी सुईकडं कुठं बघते रे?"

पण खरं सांगते, असं काही मी पाहिलं नव्हतं. पाऊस, चिखल, दोन दांडगे अंगावर आलेले, आणि हा मान वर करून तिसऱ्याच माणसाला शोधतोय. पायाला वेगळे डोळे असावेत तसा.

मग त्याचा गुडघा गेला. स्ट्रेचरवरून नेला.

पप्या रडला. आता नाही म्हणेल, पण रडला.

पुढं काही वर्षांनी माझी बोटं गेली. संधिवात. ऐन दसऱ्याच्या तोंडावर. झेंडूची पोती दारात आणि मला सुई धरवेना.

सून मंगल म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही पडा निवांत. आम्ही बघतो."

पडा!

पडले मग. भिंतीकडं तोंड करून. माळा ओवणारी बाई मी, बोटं गेल्यावर माझं काय उरलं?

रविवारी संजा धावत आला. "काकू, टीव्ही लावा! बगळा आलाय!"

बघते तर अंगात कोट, केस पिकलेले, पायाशी बॉल नाही. मैदानाच्या कडेला, पांढऱ्या रेषेपाशी उभा.

मॅनेजर झाला होता.

त्याची टीम हरत होती. पोरं सोपे बॉल सोडत होती. त्याचे पाय नुसते शिवशिवत होते, मला दिसत होतं ना. पण रेषेच्या आत पाऊल टाकलं नाही. एका पोराला जवळ बोलावलं, कानात काहीतरी सांगितलं, पाठीवर थाप मारली.

तेच पोर पुढच्या बॉलला मान वर करून खेळलं.

हुबेहूब बगळा!

हा बाहेर उभा, आणि याचा खेळ आत चाललाय.

मी उठले. पोत्यांसमोर टोमॅटोचं रिकामं कॅरेट पालथं घातलं आणि त्याच्यावर बसले.

"मंगल, सुई ढिली धर. संजा, कडेनं नको, फुलाच्या मधोमध. आणि सुईकडं बघायचं नाय!"

"आत्याबाई, बोटाला टोचेल!"

"टोचू दे. कळेल बोटाला."

त्या दसऱ्याला आमची एकही माळ उरली नाही. मंगल आता फोनवर बोलत बोलत ओवते, सुईकडं ढुंकून बघत नाही. मी अजून कॅरेटवरच आहे.

बगळ्या, तुझी-माझी भेट नाही झाली. बरंच झालं, तुलाही माळा ओवायला बसवलं असतं. सुखानं जा रे बाबा.

बाकीच्यांनी ऐका. रविवारी त्याच्या फोटोला हार घालायचाय, सगळ्यांनी दिवेलागणीला यायचं. संजा, तू पाटवड्या पाठव, स्वतः थापलेल्या, बायकोच्या हातच्या नकोत. रस्सा वेगळ्या डब्यात. पप्या, तू शेंगदाणे भाज, करपवू नकोस.

मी चुलीपाशी येणार नाही. पण डबे आधी कॅरेटपाशी आणायचे. मीठ मी सांगेन.