शेपूट नसलेल्या फाइली

पत्रं जपण्याच्या बाबतीत अख्ख्या फरीदाबादेत, आणि मला तर वाटतं यमुनेच्या दोन्ही काठांवर, आत्यांच्या भाचीला तोड नव्हती. आत्या माझ्या कोणी नाहीत. मी त्यांच्या घरी पेइंग गेस्ट होते आणि सगळे म्हणतात म्हणून मीही आत्या म्हणायचे. भाचीचे आईवडील केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांची गुवाहाटीला बदली झाली, तेव्हा कॉलेज संपेपर्यंत ती आत्यांकडे राहिली आणि आम्ही एका खोलीत आलो. हे लिहिताना मी जरा अडखळते आहे, कारण मला तिचा हेवा वाटायचा आणि तो लपवला तर तिच्याविषयी खरं काहीच सांगता येणार नाही.

तिचे बाबा रोज ईमेल करायचे. फोनवर त्यांना बोलता येत नसे म्हणे. पण लिहायचे ते ऑफिसातल्यासारखं. वर ‘विषय: तुझ्या सर्दीबाबत’, खाली ‘संदर्भ: तुझा कालचा मेल’, मग मुद्दा एक, मुद्दा दोन. मुद्दा तीनमध्ये हळूच ‘घर फार शांत वाटते’ असं काहीतरी असायचं. ती हे मोठ्याने वाचून पोट धरून हसायची. मीही हसायचे, पण नंतर पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जायचे. माझे वडील शिंपी आहेत. त्यांचं लिहिणं म्हणजे मापांची वही. फोन केला की “जेवलीस का? बरं, ठेवतो,” एवढंच. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे पुढे काय विचारायचं हे त्यांनाही माहीत नसावं आणि काय सांगायचं हे मलाही.

आलेलं पत्र रात्रभर इनबॉक्समध्ये राहिलेलं तिला चालत नसे. “इनबॉक्स म्हणजे दारातली चपलांची जागा, यार. तिथे कोणी झोपतं का?” लगेच ते लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये जायचं. फोल्डरांची नावं अशी: ‘सर्दी’, ‘रागावून लिहिलेले’, त्याच्या पोटात ‘रागावून लिहिलेले, नंतर माफी’, आणि एक नुसतंच ‘पाऊणशहाणपण’. सर्व्हरवर ती काहीही ठेवत नसे. पत्र उतरवलं की तिथलं पुसायची. “दुसऱ्याच्या कपाटात आपले कपडे कशाला?” आत्या म्हणायच्या, “अगं, धुणं वाळत घातलंय ते तीन दिवस तसंच आहे, आणि हिचे मेल बघा, इस्त्री केलेले!”

एकदा तिने मला आतली गंमत दाखवली. आपल्याला दिसतं ते फोल्डर खरं फोल्डर नसतंच. ती एक लांबलचक फाइल असते, तिच्यात सगळी पत्रं एकाखाली एक. तिच्या नावापुढे टिंब नाही, टिंबानंतरच्या अक्षरांचं शेपूट नाही. शेजारी त्याच नावाची छोटी, शेपूटवाली फाइल असते. ती नुसती अनुक्रमणिका. “छोटी हरवली तरी मेलचा प्रोग्राम नवी बनवतो. मोठी तिच्या जागेवर ठेवली की तो उघडल्याबरोबर ओळखतो. बिल्कुल घरच्या माणसासारखा.” मी मान हलवत होते, पण माझं लक्ष त्या यादीकडे होतं. एका माणसाला किती पत्रं यावीत!

मग तिचा लॅपटॉप वारंवार बंद पडू लागला. मार्केटमधला दुकानदार सगळं पुसून नव्याने बसवून देणार होता. त्या सकाळी तिची परीक्षा होती. पेनड्राइव्ह माझ्या हातात देत ती म्हणाली, “माझे मेल यावर घे आणि लॅपटॉप दुकानात दे. करशील ना, यार?”

शेपूटवाल्या फाइली पटापट उतरल्या. बिनशेपटीच्या मोठ्या फाइली पेनड्राइव्हवर मावेनात. त्यांच्या नावाशेजारचं चित्रही कोरं होतं. मला वाटलं, कचरा असेल. खरं सांगायचं तर, थोडी शंका आली होती. लॅपटॉप दुपारीही देता आला असता, तिला विचारता आलं असतं. पण माझ्या मनात आलं, इतकी पत्रं लागतात कशाला? आणि मी लॅपटॉप दुकानात देऊन आले.

लॅपटॉप परत आल्यावर तिने फाइली जागेवर ठेवल्या. प्रोग्रामने एकही ओळखली नाही. छोटी फाइल तशीच उघडली तेव्हा आत नुसते विषय दिसले: ‘तुझ्या सर्दीबाबत’, ‘तुझ्या न जेवण्याबाबत’. तिने बाबांना फोन लावला. ते म्हणाले, “घरच्या पत्राची ऑफिस कॉपी कोणी ठेवतं का, बेटा?” तिने फोन ठेवला. मी तिला सगळं सांगितलं, शंकेचंही आणि हेव्याचंही.

“हेवा? बाबांच्या सर्दीवरच्या मुद्द्यांचा?” ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिची फोल्डरं आता माझ्याइतकीच रिकामी होती. मला हेच हवं असेल, तर ते मिळालं होतं. आणि मला जेवण जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, “चलो, इथे बस. मला बरीच पत्रं पाठ आहेत. मी बोलते, तू लिही.” रोज संध्याकाळी ती विषय वाचायची आणि डोळे मिटून पत्र म्हणायची. मी टाइप करून तिलाच मेल करायचे. ‘पाठवणारा’ या जागी माझं नाव यायचं, आणि खाली तिच्या बाबांचे शब्द.

एका पत्रात ती मुद्दा तीनवर अडली. मी न विचारता लिहिलं, ‘तू काय शिकतेस ते मला समजत नाही, पण कधीतरी सावकाश सांग. मी ऐकेन.’

तिने वाकून वाचलं. “बाबा असं नाही लिहीत.” मग माझ्याकडे बघून विचारलं, “हे कोणाचं आहे?”

“कोणाचंच नाही,” मी म्हणाले आणि पुसायला गेले.

तिने माझा हात धरला. “राहू दे. पण त्यांच्यात नको मिसळू. याला वेगळं फोल्डर करूया.”

तिने ते केलं. नाव काय द्यायचं हे तिने मला विचारलं. मला सुचलं नाही, आणि तिनेही घाई केली नाही.